जळगावात एमएस्सी बायोटेक केलं, पण न्यूरोसायन्स म्हणजे मेंदूविज्ञान शिकलेलो नाही. पार्किन्सन या मेंदूच्या आजारावर पीएचडी जमेल का?

नक्की जमेल. प्रवेशाच्या मुलाखतीत पेशीजीवशास्त्र, जीवरसायनशास्त्र आणि प्रयोगाची समज किती पक्की आहे ते बघतात. मेंदूचं बाकीचं तिथे गेल्यावर शिकता येतं. आधी सीएसआयआर-यूजीसी नेट या परीक्षेतून जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळवा. महिना ३७,००० रुपये आणि वर घरभाडं, म्हणजे घरी पैसे मागायची वेळ येत नाही. मग मानेसरचं राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र आणि बंगळुरूचं निम्हान्स ही मानसिक आरोग्य आणि मेंदूविज्ञानाची संस्था बघा. निम्हान्समध्ये तर दान केलेल्या मेंदूंची पेढीच आहे.

रोजचं काम कसं असतं, तेही सांगतो. आपल्याकडे पिकल्या केळीभोवती फिरतात तशाच फळमाशांवर खूप काम चालतं. पार्किन्सनमध्ये मेंदूच्या पेशींत साचणारं अल्फा-सिन्युक्लिन हे प्रथिन वाजवीपेक्षा जास्त बनवणाऱ्या माश्या नळीत ठेवायच्या, नळी टेबलावर हलकेच आपटायची आणि किती माश्या वर चढतात ते मोजायचं. निरोगी माश्या सरसर चढतात, या मात्र वय वाढेल तशा मागे पडतात. हे महिनोन् महिने करावं लागतं. चिकाटी हवीच.

विषय सुचत नसेल तर शिवाराकडे बघा. पॅराक्वाट या तणनाशकाचा पार्किन्सनशी संबंध अनेक अभ्यासांत दिसला आहे, वाद मिटलेला नाही. रोटेनोन हे कीटकनाशक तर उंदरांत या आजारासारखी लक्षणं आणायला मुद्दाम वापरतात. कपाशीच्या पट्ट्यातल्या माणसाने हा प्रश्न हाती घ्यावा, असं मला मनापासून वाटतं.

आणि संस्थेच्या नावापेक्षा गाईड महत्त्वाचा. अर्ज करण्याआधी त्यांच्या सध्याच्या विद्यार्थ्यांशी फोनवर बोलाच.