धानोऱ्याला निघण्याआधी

प्रिय पोरी,

तुझं पत्र आणि सोबतचा आराखडा दोन्ही वाचले. आदिवासी गावांसोबत भागीदारी करायची तुझी तळमळ त्यात दिसते. पण आराखडा ठरवताना गावातलं कोण बसलं होतं, हे मला त्यात कुठेच सापडलं नाही. म्हणून लिहितोय.

गडचिरोली जिल्ह्यात, धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड आदिवासींच्या गावाची वाटचाल आधी नीट समजून घे. तिथल्या मोठ्या धरणांविरुद्धच्या 'जंगल बचाओ, मानव बचाओ' आंदोलनाच्या काळात, म्हणजे ऐंशीच्या दशकात, तिथले देवाजी तोफा आणि 'वृक्षमित्र' संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल यांची गाठ पडली. गाव सर्वांच्या सहमतीनं कारभार कसा करतं, याचा मोहनभाऊंना अभ्यास करायचा होता. देण्यासाठी त्यांच्याकडे योजना नव्हती, आणि ते फार बरं झालं.

गावानं दोन बैठका वेगळ्या ठेवल्या. अभ्यासगटात बाहेरचा माणूसही बसू शकतो. कायदा वाचायचा, माशा न मारता मध कसा काढता येईल ते शोधायचं, हिशेब समजून घ्यायचा. निर्णय मात्र ग्रामसभेचा, तोही मतदानानं नाही. एकाचा जरी विरोध असला तरी बोलणं चालू राहतं. माझ्या मते आदिवासी आणि बिगर-आदिवासी यांच्या मैत्रीसाठी याहून चांगली रचना आपल्याकडे झालेली नाही. बाहेरच्याला आपलं सगळं ज्ञान ओतायला जागा मिळते, आणि त्या ज्ञानाच्या जोरावर तो गावाचा मालक होत नाही. शिकलेल्या माणसाकडून हे नकळत होतं बघ. चांगलं बोलता येतं, अर्ज लिहिता येतो, साहेब ओळखीचे असतात. हळूहळू गावकरी त्याच्या तोंडाकडे बघून हो म्हणायला लागतात.

'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही मेंढ्याची घोषणा तू ऐकली असशील. तिच्यामागे अशी वर्षानुवर्षांची बैठक आहे. म्हणूनच 2006 चा वनहक्क कायदा आला तेव्हा गाव तयार होतं. 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरीही बांबू विकायला वाहतूक परवाना लागायचा आणि तो वनखात्याच्या हातात होता. अखेर एप्रिल 2011 मध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी परवाना पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. त्या लढ्यात बाहेरचे मित्र होतेच, पण पुढे गाव होतं.

आता तुझ्या आराखड्याकडे वळू. पहिलं प्रशिक्षण तू मे महिन्यात धरलंयस. तेव्हा घरंच्या घरं तेंदूपानं तोडायला पहाटेच जंगलात जातात. त्याआधी मोहफुलं, जुलैत धानाची रोवणी. तारीख गावाला विचार. अंदाजपत्रकही ग्रामसभेत वाचून दाखव, तुझ्या पगारासकट. थोडं अवघड वाटेल, पण वाच. गोंडी शिकायला लगेच सुरुवात कर. दुभाष्यावर फार दिवस राहू नकोस. बायका मराठीत गप्प राहतात आणि गोंडीत भांडतात, आणि ते भांडण तुला कळायला हवं.

एखादी ग्रामसभा तुमचा प्रस्ताव नाकारेल. तेव्हा संस्थेला तसंच कळव, आणि पुढच्या अभ्यासगटाला जा.

वनहक्क कायद्याचं कलम 3(1)(i), म्हणजे सामूहिक जंगल राखण्याचा आणि सांभाळण्याचा हक्क, आणि कलम 5, म्हणजे त्यासोबत येणारी ग्रामसभेची जबाबदारी, वाचून ये. रविवारी घरी बसून त्यावर बोलू.

तुझा,
काका