टोकियोला राहायला जातेय. तिथल्या घरांतलं ‘युनिट बाथ’ काय असतं? बादली-तांब्याची सवय असलेल्यांचं कसं होतं?

छान होतं! मी टोकियोतच राहते आणि आंघोळीच्या बाबतीत इथे मला काहीच सोडावं लागलेलं नाही.

युनिट बाथ म्हणजे कारखान्यात तयार झालेली न्हाणी. जमीन, भिंती, छत, टब असे सुटे भाग येतात आणि जागेवर जोडले जातात. 1964च्या ऑलिम्पिकसाठी इथलं हॉटेल न्यू ओतानी घाईघाईने बांधलं जात होतं. हजाराहून जास्त खोल्यांच्या बाथरूममध्ये फरश्या बसवत बसायला वेळ नव्हता, तेव्हा तोतो कंपनीने ही युक्ती काढली. पुढे ती घरोघरी पोचली. जमीन एकसंध साच्यातली असल्यामुळे खालच्या मजल्यावर ओल उतरण्याची भीती फार कमी. बाथरूमच्या गळतीवरून सोसायटीत वाद झालेल्यांना याचं मोल सांगायला नको.

पण मला त्यातलं सगळ्यात आवडतं ते टबाशेजारचं मोकळं अंगण. खाली नळ, बुटकं स्टूल, छोटं घमेलं. आपण पाटावर बसून आंघोळ करायचो, तसंच. तिथे साबण लावून, केस धुऊन, पूर्ण स्वच्छ होऊन मगच टबात उतरायचं. टब फक्त अंग शेकायला, 40 अंशांच्या आसपासच्या पाण्यात. तेच पाणी घरातले सगळे एकामागून एक वापरतात, म्हणून त्यात साबण न्यायचा नाही आणि आपलं झालं की पाणी सोडायचं नाही, झाकण घालायचं. उरलेलं पाणी बरेच जण पंपाने वॉशिंग मशीनला घेतात. आईबाबा हिवाळ्यात आले तर त्यांना 41 अंशांच्या वर आणि 10 मिनिटांहून जास्त बसू देऊ नका.

घर बघताना मात्र जपा. एकट्यासाठीच्या स्वस्त घरांत टब, बेसिन, कमोड सगळं एकाच डब्यात असतं. बसायला जागाच नाही, पडदा ओढून टबातच शॉवर घ्यायचा. भाडं थोडं जास्त पडलं तरी जाहिरातीत ‘बासु-तोइरे बेत्सु’, म्हणजे शौचालय वेगळं, असं लिहिलेलं घर घ्या. ‘1616’ दिसलं तर न्हाणी आतून 160 बाय 160 सेंटिमीटर, म्हणजे ऐसपैस.

दिवाळीत तेल-उटणं खुशाल लावा, पण स्टुलावर बसूनच, आणि उठताना सांभाळून. चोथा जाळीत अडकतो, ती उचलून झटकायची. तेलकट अंगाने टबात मात्र उतरू नका, कारण पुन्हा तापवताना तेच पाणी आतल्या नळ्यांतून फिरतं.