जुन्या कार्डांना एवढा भाव का?

प्रश्न: भाचा न्यू जर्सीला असतो, 'मॅजिक: द गॅदरिंग' या कार्डांच्या खेळाची 1993-94 ची झिजलेली कार्डं घेत सुटलाय, नवी चकचकीत मिळतात तरी! हे काय खूळ?

उत्तर: खूळच हो, पण एकट्याचं नाही. शाळेत जे परवडलं नाही ते आता पगार हातात आल्यावर घ्यायचं, आणि कार्डावरची जुनीच फ्रेम (चित्र-मजकुराभोवतीची चौकट) हवी, 2003 मध्ये बदलली ती नको (मलाही जुनीच आवडते). खेळणारेही कमी नाहीत, 'ओल्ड स्कूल' प्रकारात त्याच काळातली कार्डं चालतात. त्यात 1996 ला कंपनीने 'रिझर्व्ह्ड लिस्ट' काढली, त्यातली कार्डं परत छापणार नाही म्हणे, 'ब्लॅक लोटस' हे नावाजलेलं कार्ड त्यातलंच, मग भाव चढणारच ना. फक्त नकली माल फार फिरतो, भाच्याला म्हणावं बघून घे.