दगडाचा रंग बघून फसू नकोस

अरे भाऊ, जैसलमेरहून आणलेल्या दगडांना रंगावरून नाव देऊ नकोस. वाळवंटात दगडावर लोह-मँगनीजचा काळा, चकचकीत थर चढतो. नागपूरजवळच्या मनसरच्या खाणीतलं मँगनीज पाहिलेल्या नागपूरकराला हा थर हमखास मँगनीजच वाटतो! डोळ्यांवर चष्मा लावून कोपरा फोड, आतला ताजा भाग बघ. नखाने ओरखडा उठला तर बहुधा जिप्सम हे मऊ खनिज. चाकूनेच उठला आणि पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाच्या थेंबाने फसफसला, तर कॅल्साइट, म्हणजे चुनखडीतलं खनिज. काचेवर चरा क्वार्ट्झ (गारगोटी) आणि फेल्डस्पार ही दोन्ही खनिजं पाडतात; फेल्डस्पार सपाट फुटतो, क्वार्ट्झ शिंपल्यासारखा वक्र. काळ्या तुकड्याची रेघ टाइलच्या खरबरीत मागच्या बाजूवर ओढ. तांबूस आली तर हेमेटाइट, म्हणजे लोखंडाचं खनिज. आणि प्रत्येक तुकड्यासोबत जागेची चिठ्ठी आजच ठेव, जागा कळल्याशिवाय जाणकारालाही खात्रीनं सांगता येत नाही.