डिस्लेक्सिया असलेल्या मुलीला बडोद्यात बी.कॉम.च्या परीक्षेत जादा वेळ मिळेल का? शाळेत मिळत होता.

हो, मिळू शकतो, पण शाळेची सवलत कॉलेजात आपोआप पुढे येत नाही. नव्याने अर्ज करावा लागतो. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता (डिस्लेक्सिया, म्हणजे वाचन-लेखनातली अडचण, त्यातच येते) स्पष्टपणे धरलेली आहे. केंद्राच्या 2018च्या मार्गदर्शक सूचनांत 40 टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असल्यास लेखनिक (उत्तरं लिहून देणारा) न घेताही तीन तासांच्या पेपरला एक तास वाढवून देण्याची तरतूद होती. मी इथेच कॉलेजात शिकवते, असे अर्ज भरायला मुलांना मदत करते. शाळेचा जुना रिपोर्ट जपून ठेवा, पण त्यावर थांबू नका. स्वावलंबन या सरकारी पोर्टलवर अर्ज करून सरकारी रुग्णालयातल्या तपासणीनंतर मिळणारं दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र काढा. त्याला वेळ लागतो, म्हणून परीक्षेचे फॉर्म निघायची वाट बघू नका. अर्जात नुसतं 'सवलत मिळावी' लिहू नका, अडचण नेमकी सांगा: ताळेबंदातले आकडे उलटे उतरतात, 69चे 96 होतात, किंवा लांबलचक प्रश्न दोनदा वाचावा लागतो. मग लेखनिक हवा, प्रश्न वाचून दाखवणारा वाचक हवा की फक्त वेळ, हे ठरवणं सोपं जातं. पोरीलाच विचारा, कित्येकांना लेखनिक नको असतो, आणि ते अगदी रास्त आहे.

प्रमाणपत्रावर 40 टक्क्यांपेक्षा कमी आलं तर वाट अवघड वाटू शकते. तरीही अर्ज कराच: नुसत्या टक्क्यांवरून लेखनिक नाकारता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2021मध्ये विकास कुमार खटल्यात म्हटलं आहे.