बीपी नुकतंच निघालंय? सुरुवातीला एवढंच बघा

ताई, खानापूरच्या दवाखान्यात १५०/९६ आलं म्हणून रात्ररात्र जागू नका. एकाच मोजणीवर काही ठरत नाही.

आधी घरी नीट मोजायला शिका, कारण नवीन माणूस इथंच चुकतो. मशीन दंडावर बांधायचं घ्या, मनगटाचं नको. अर्धा तास आधी चहा, मिश्री, तंबाखू बंद. लघवीला जाऊन या. मग पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून ५ मिनिटं न बोलता बसा. हात टेबलावर, छातीच्या उंचीला. मिनिटभरानं परत एकदा मोजा. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ असं करून आकडे वहीत लिहा. सरासरी १३५/८५ किंवा जास्त आली तर वही घेऊन डॉक्टरांकडं जायचंच.

मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा. आमटी अळणी करून ताटात लोणचं, पापड, सांडगी मिरची वाढून घेतली तर उपयोग काय? सैंधवही मीठच.

गोळी सुरू झाली की:
- आकडा उतरला म्हणून मनानं बंद करू नका. तो गोळीमुळंच उतरलाय.
- गुडघेदुखीची गोळी विचारल्याशिवाय नको. त्यातल्या बऱ्याच बीपी चढवतात.

खर्चाची चिंता असेल तर सरकारी आरोग्य केंद्रात विचारा, तिथं गोळ्या मोफत मिळतात.

छातीत दुखलं, बोलणं अडखळलं, हात-पाय लुळा पडला, तर आकडा बघत बसू नका. लगेच १०८ ला फोन लावा.