ट्रेझरीचं बोलावणं आलंय? आधी एवढं सांभाळा

अभिनंदन! अमेरिकेच्या अर्थखात्यातून, म्हणजे ट्रेझरीतून, चर्चेला बोलावणं आलं, म्हणजे तुमचं लिखाण तिथे कुणीतरी वाचतंय. नोव्हेंबर २००९ मध्ये ट्रेझरीने काही स्वतंत्र अर्थ-ब्लॉगर्सना असंच बोलावलं होतं. २००८ च्या आर्थिक संकटात बँकांना सावरायला आणलेल्या ७०० अब्ज डॉलरच्या 'टार्प' योजनेवरचा वाद तेव्हा विझला नव्हता, तरीही बोलावलं. त्यामुळे टीका केलीत म्हणून दार बंद होईल, ही भीती सोडा.

१. तोंड उघडण्याआधी अटी ठरवा. 'ऑन बॅकग्राउंड' म्हणजे साधारणपणे माहिती वापरायची, नाव द्यायचं नाही. 'ऑफ द रेकॉर्ड' म्हणजे छापायचंच नाही. पण या शब्दांचा अर्थ जो तो आपापला लावतो, म्हणून सरळ विचारा: "यातलं काय लिहू, कुणाच्या नावाने लिहू?" सगळं बोलून झाल्यावर "हे लिहू नका हं" म्हटलं, तर ती अट आपोआप लागू होत नाही.

२. आकडे घरून वाचून जा. ट्रेझरीचं रोजच्या जमाखर्चाचं पत्रक सगळ्यांना खुलं असतं. त्यात जे आहे ते विचारण्यात वेळ दवडू नका. 'किती' नको, 'का' विचारा.

नवख्यांची नेहमीची चूक म्हणजे भारावून जाणं. मोठा अधिकारी आपल्याला नावाने हाक मारतो आणि लेखणी बोथट होते. (माझीही झाली होती. तो लेख आता मला वाचवत नाही.) दुसरे काही जण प्रश्नाऐवजी भाषणच ठोकतात.

माहिती अधिकाराचे अर्ज वगैरे सध्या राहू द्या. भेट कधी आहे?